बोर्न हॉल: इनक्युबेटरजवळची माणसं

केंब्रिजजवळच्या बोर्न गावातली सतराव्या शतकातली हवेली शोधून काढली ती जीन पर्डी यांनी. 1978 मध्ये आयव्हीएफमधून, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करण्याच्या उपचारातून, जगातली पहिली मुलगी लुईस ब्राऊन जन्मली, जगभर गाजावाजा झाला, तरी डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो, शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी पर्डी यांच्या कामाला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत थारा मिळेना. अखेर 1980 मध्ये हवेलीच्या आवारात तात्पुरत्या केबिन टाकून जगातलं पहिलं आयव्हीएफ क्लिनिक सुरू झालं.

त्याआधी हे तिघं इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला काम करत. तिथे जवळजवळ दशकभरात 282 स्त्रियांवर उपचार झाले, 112 वेळा भ्रूण गर्भाशयात सोडले गेले आणि जिवंत बाळं जन्मली दोन. अशा हिशेबावर नवी संस्था उभी करायला छातीच लागते. सुरुवातीचं वेळापत्रकही शरीराच्या मर्जीवर चाले. दर तीन तासांनी लघवी तपासायची, बीज सुटण्याची वेळ सांगणारं हॉर्मोन चढलं की तास मोजायचे आणि वेळ भरली की मध्यरात्रीही ऑपरेशन थिएटर उघडायचं.

पर्डी मूळच्या नर्स. लुईस ज्या भ्रूणातून वाढली, ते विभागताना सर्वांत आधी त्यांनीच पाहिलं. बोर्न हॉलची प्रयोगशाळाही त्यांनीच उभी केली. नंतर ओल्डहॅमला या कामाचा फलक लावताना त्यांचं नाव गाळलं गेलं, तेव्हा एडवर्ड्स यांनी पत्रं लिहून हरकत घेतली. ती योग्यच होती, कारण या उपचाराचं यश फार मोठ्या प्रमाणात प्रयोगशाळेत ठरतं.

स्त्रीबीज शरीराबाहेर आलं की गारवासुद्धा त्याचा वैरी. तापमान थोडं उतरलं तरी गुणसूत्रांना जागेवर धरणारे नाजूक धागे विस्कटतात. म्हणून बशीच काय, सूक्ष्मदर्शकाखालची काचही 37 अंशांवर ठेवतात. भ्रूण पोषक द्रावाच्या थेंबात असतं आणि थेंब सुकू नये म्हणून वर तेलाचा थर. द्रावाची आम्लता सांभाळायला पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, पण गर्भनलिकेत त्याहून कितीतरी कमी. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा तो पाचच्या आसपास ठेवतात. रंगाचा, फरशीच्या पॉलिशचा, अत्तराचा वासही आत चालत नाही. इनक्युबेटरचं दार जितकं कमी उघडेल तितकं बरं.

ही शिस्त जगभर हळूहळू रुजली. 1990 च्या दशकात वाढत्या भ्रूणाची बदलती भूक ओळखून द्राव बनू लागले, तेव्हा पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत, भ्रूण बाहेर वाढवणं आवाक्यात आलं. मग एकच चांगलं भ्रूण सोडायचं आणि उरलेली झटपट गोठवून जपायची. ब्रिटनमध्ये आयव्हीएफनंतर जुळी-तिळी होण्याचं प्रमाण त्या दशकातल्या 28 टक्क्यांवरून 2019 पर्यंत 6 टक्क्यांवर आलं. माझ्या लेखी हेही यशच, कारण जुळ्या-तिळ्यांत आई आणि बाळं दोघांच्याही जिवाला धोका असतो.

पर्डी 1985 मध्ये अवघ्या 39 व्या वर्षी गेल्या. पुढच्याच वर्षी बोर्न हॉलच्या बाळांची संख्या हजारावर पोहोचली. तेव्हाच्या जगातल्या आयव्हीएफ बाळांपैकी जवळजवळ निम्मी. 2010 चं नोबेल एडवर्ड्स यांना मिळालं, तेव्हा स्टेप्टोही हयात नव्हते.

आता इनक्युबेटरमध्येच कॅमेरे असतात; भ्रूण बाहेर न काढता त्याची वाढ पाहता येते. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या कॅमेऱ्यांमुळे बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. कॅमेऱ्यासाठी जादा पैसे मागितले गेले, तर त्यानं बाळ होण्याची शक्यता खरंच वाढते का, हे जोडप्यांनी बेलाशक विचारावं.