सोयाबीनची उगवण : बियाण्याइतकीच जमिनीतील ओल, हवा आणि उष्णता निर्णायक

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातील सोयाबीनची प्रमुख उत्पादक राज्ये. २०२० च्या खरीप हंगामात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. उगवण फसली की दोष बियाण्याचा की परिस्थितीचा, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो.

प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता गव्हासाठी ८५ टक्के, तर सोयाबीनसाठी ७० टक्के असावी लागते. सोयाबीनचे बीजावरण पातळ असते. मळणी, वाहतूक व हाताळणीत बसलेल्या माराने अंकुराला इजा होते. शिवाय चाचणी प्रयोगशाळेतील अनुकूल स्थितीत होते, शेतात ती स्थिती मिळेलच असे नाही.

ओल : अंकुरण्यासाठी सोयाबीनचे बी स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषते. अपुऱ्या ओलीत ते फुगते, पण मोड येण्यापूर्वीच वाळून मरते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो.

हवा : अंकुरणाऱ्या बियाला श्वसनासाठी प्राणवायू लागतो. पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत तो मिळत नाही व बी कुजते. रुंद वरंबा-सरी पद्धतीत जादा पाण्याचा निचरा होतो.

तापमान : साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला उगवण चांगली होते. थंड जमिनीत ती रेंगाळते.

खोली : सोयाबीनची बीजदले कोंबासोबत जमिनीवर येतात. त्यामुळे खोल पडलेले बी किंवा पावसानंतर धरलेली कठीण पापडी कोंबाला रोखते. ३ ते ४ सेंटिमीटर खोली योग्य मानली जाते.

घरचे बियाणे वापरणाऱ्यांना साधी चाचणी घेता येते. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून ते गुंडाळावे, ओल टिकवावी आणि साधारण आठवडाभराने निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक कोंब आल्यास शिफारशीइतके बियाणे पुरते. त्याहून थोडे कमी असल्यास प्रमाण वाढवावे लागते. दुबार पेरणीत बियाणे, मजुरी आणि हंगामाचे मोलाचे दिवस असे तिन्हींचे नुकसान होते; ही चाचणी मात्र जवळजवळ विनाखर्च होते.