पाकिटावर न लिहिलेला संकेत

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो, हे आपण वर्गात सांगतोच. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे ठरवले कोणी? आणि दोघांनी ते वेगवेगळे ठरवले तर? महाजालावरच्या अर्जांच्या इतिहासात हा ‘तर’ फार वर्षे छळत राहिला.

१९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हा संकेत ठरला. त्यात १२८ जागा होत्या आणि त्यांत इंग्रजीचे भागले. पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी पुढे २५६ जागांचा लॅटिन-१ आला. जपानात तर एकाच भाषेसाठी तीन संकेत एकाच वेळी नांदत होते. आपल्याकडे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की प्रमाणित केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला. तो क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर आखली.

आता अर्जाकडे वळू. १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण ठरली. तिच्यात वाचकाने पानावर काही भरून परत पाठवण्याची सोय होती. ब्राउझर त्या मजकुराचे बाइट करतो आणि सर्व्हरकडे धाडतो. हे बाइट कोणत्या संकेतातले, हे पाकिटावर लिहायला जागा होती, पण ब्राउझर ती सहसा कोरीच ठेवत. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत, अर्ज कोणत्या संकेतात भरून हवा हे पान लिहिणाऱ्याला सांगता येऊ लागले. पण ही सूचना ब्राउझरसाठी होती; परत येणाऱ्या पाकिटावर शिक्का उमटत नव्हताच. ज्या संकेतात पान गेले त्याच संकेतात उत्तर यायचे, असा रिवाज तेवढा पडला. आपण काय पाठवले होते, हे सर्व्हरने लक्षात ठेवायचे!

समजा, कोणी ‘मीना’ असे नाव भरले. युनिकोडमध्ये म, दीर्घ ईकार, न आणि काना असे हे चार क्रमांक होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन, म्हणजे एकूण बारा बाइट. ‘म’चे बाइट २२४, १६४ आणि १७४. सर्व्हरने ते लॅटिन-१ समजून वाचले, तर पहिल्याचे डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ होते, दुसऱ्याची चलनाची एक खूण आणि तिसऱ्याचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह. ईकाराचा दुसरा बाइट १६५, म्हणून तिथे चक्क जपानी येनची खूण उमटते.

जावा भाषेतल्या सर्व्हलेट या पद्धतीत नेमके हेच होई, कारण शिक्का नसेल तर लॅटिन-१ धरा असा तिचा नियम होता. २००१ च्या २.३ आवृत्तीत ‘सेट कॅरेक्टर एन्कोडिंग’ ही आज्ञा आली. पाकीट यूटीएफ-८ चे आहे, असे आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः सांगायचे. मात्र ते पहिली रकाना वाचण्याआधी! एक जरी रकाना मागितला की सगळा अर्ज उलगडून ठेवला जातो. त्यानंतर दिलेली आज्ञा वाया जाते. शिवाय ही आज्ञा पाकिटाच्या आतल्या मजकुरापुरतीच. पत्त्याच्या शेपटीला जोडून आलेल्या मजकुराची व्यवस्था सर्व्हरच्या मांडणीत वेगळी करावी लागे. कित्येकांचे घोडे इथेच अडले.

ब्राउझरला बोलते करायच्या युक्त्याही निघाल्या. इंटरनेट एक्स्प्लोररच्या काही आवृत्त्या सूचना डावलून, मजकूर बसत असेल तर लॅटिन-१ मध्येच पाठवत. २०१० मध्ये रुबी ऑन रेल्सच्या मंडळींनी अर्जात एक लपलेला रकाना घातला. त्यात लॅटिन-१ मध्ये नसलेले चिन्ह ठेवले: आधी बर्फाचा बाहुला, मग ‘बरोबर’ची खूण. ते लॅटिन-१ मध्ये मावत नसल्याने ब्राउझरला यूटीएफ-८ वापरणे भागच पडे. आम्हांला ही युक्ती फार आवडते. सर्व्हलेटमध्ये सगळ्या अर्जांसाठी एकाच ठिकाणी संकेत लिहून ठेवण्याची सोय २०१७ मध्ये झाली.

शाळेच्या जुन्या संगणकीय याद्यांत अशी विद्रूप नावे सापडली तर ती पुसू नयेत. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला स्वतःची जागा असल्याने उलट वाटेने मूळ नाव बहुधा परत मिळते. पण बरोबर वाचलेले नाव पुढे लॅटिन-१ च्या कोठारात कोंबले, तर न मावणाऱ्या प्रत्येक क्रमांकाऐवजी प्रश्नचिन्ह पडते. मीनाची चार प्रश्नचिन्हे, राजूचीही चारच. ती पाहून कोण मीना आणि कोण राजू, हे कोणत्याच आज्ञावलीला सांगता येणार नाही. नाव पुन्हा विचारावे लागेल.