शस्त्रक्रियेनंतरचा खोल जंतुसंसर्ग : स्कॅनचा उपयोग आणि मर्यादा

ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादजवळच्या इब्राहिमपट्टणम येथील सरकारी आरोग्य केंद्रात ३४ महिलांवर कुटुंबनियोजनाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांतच त्यांपैकी चौघी दगावल्या आणि इतर अनेक जणींना निम्ससारख्या मोठ्या रुग्णालयांत हलवावे लागले. शस्त्रक्रिया लहान असली तरी नंतरचे दिवस जपावेच लागतात. म्हणून सभासदांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

जखमेतील बहुतेक संसर्ग वरवरचे असतात. नेक्रोटायझिंग फॅसायटिस हा मात्र दुर्मीळ पण घातक प्रकार आहे. त्यात स्नायूंवरचे आवरण आणि त्यालगतची चरबी वेगाने मरत जाते. सुरुवातीला वरची त्वचा जवळजवळ नेहमीसारखी दिसू शकते, वेदना मात्र असह्य असतात. ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा सूज, काळपट फोड, दाबल्यावर त्वचेखाली होणारी करकर आणि गुंगी ही धोक्याची चिन्हे होत. मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्या असतील तर वेदना फारशी जाणवतही नाही.

कोणती तपासणी काय सांगते?

- एक्स-रे : ऊतींमधला वायू दिसू शकतो; पण तो दिसला नाही म्हणून धोका टळला असे नाही.
- सोनोग्राफी : खाटेजवळच करता येते; साचलेला पू किंवा पाणी कळते.
- सीटी स्कॅन : काही मिनिटांत होतो, वायू, सूज आणि संसर्गाची व्याप्ती दाखवतो.
- एमआरआय : सर्वांत बारकाईने दाखवतो, पण वेळ घेतो, अत्यवस्थ रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जखमेत थोडी हवा राहणे स्वाभाविक असते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख आणि प्रकार स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, पेसमेकर, औषधांची ॲलर्जी यांचीही कल्पना द्यावी. डिस्चार्जचे कागद आणि जुन्या फिल्म सोबत न्याव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या आजाराचे खात्रीचे निदान जखम उघडून पाहिल्यावरच होते, आणि मेलेला भाग काढून टाकणे हाच मुख्य उपचार आहे. सर्जनने स्कॅनची वाट न पाहता लगेच शस्त्रक्रिया सुचवली, तर “आधी एमआरआय करून घेऊ” असा आग्रह कुटुंबीयांनी धरू नये. अशा वेळी तासातासाला फरक पडतो. वरील चिन्हे दिसताच, रात्र असली तरी, १०८ ला फोन करावा किंवा थेट आपत्कालीन विभाग गाठावा.