बोरघाटातले सुरुंग आणि दगडातल्या पोकळ्या

‘झिओलाइट’ हे नाव १७५६ सालचं. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरलं, तर ते फसफसलं. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. म्हणून ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, ‘उकळणारा दगड’. बारसं झालं युरोपात, पण जगातले अतिशय देखणे झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात दडलेले होते.

ते तिथे आले कसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. विहीर खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. मग गरम पाणी खडकात झिरपत राहिलं, त्यातलं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम विरघळवत गेलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश स्फटिक धरले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. सोबत ॲपोफिलाइटही सापडतं. ते काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण बाजारात एकाच टोपलीत विकलं जातं!

आता बोरघाट बघा. १८५६ ते १८६३ या काळात जीआयपी कंपनीनं मुंबई-पुणे रेल्वेसाठी हा घाट फोडला. जवळपास सोळा मैलांचा चढ, २५ बोगदे. १८६१मध्ये एका वेळी ४२,००० माणसं कामावर होती. पटकीनं किती दगावली त्याची धड मोजदाद नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याची बायको ॲलिस हिनं पुढे नेलं. तिच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

सुरुंग उडाला की पोकळ्या उघड्या पडत. त्यातले नमुने ब्रिटनच्या संग्रहालयांत पोचले आणि दख्खनचं नाव खनिजशास्त्रात झालं. शोध असा कुणी घेतलाच नव्हता. फोडायचा होता तो रस्त्यासाठी. पण बघा, पोकळीत पहिला हात घालायचा तो पहारवाल्यानं. सुरुंगाच्या धक्क्यातून वाचलेला नाजूक स्फटिक न मोडता काढणं हे कसब त्याचं. इतिहासात मात्र नाव इंजिनिअरचं राहिलं.

पुढेही तसंच घडत आलं. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत खडी काढताना १९८८ साली गर्द निळं कॅव्हनसाइट सापडलं. हेही झिओलाइट नव्हे, पण बसलेलं असतं बहुधा स्टिल्बाइटवरच. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ते आधी मिळालं होतं. वाघोलीच्या नमुन्यांनी ते जगभरच्या संग्राहकांना माहीत झालं. त्या पाट्यांवर ‘वाघोली’ लिहिलेलं असतं. ज्यानं ते खडीच्या ढिगातून बाजूला काढलं, त्याचं नाव तिथेही नसतं.