गोल्डवॉटर यांची भीती आणि १,१८९ चा आकडा

‘मतदार घाबरले होते’ असं वाक्य प्रबंधात लिहिताना जरा थांबा. कोणते मतदार? आणि तुम्हाला हे कुठून कळलं?

१९६४ ची अमेरिका घ्या. बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष झाले तर अणुयुद्ध पेटेल, अशी धास्ती. जॉन्सन यांच्या प्रचाराची ‘डेझी’ जाहिरात तुम्ही पाहिली असेल: पाकळ्या मोजणारी मुलगी, मग अणुस्फोट. पैसे मोजून ती एकदाच, ७ सप्टेंबरला दाखवली. पुढचं काम बातम्यांनी केलं. पण त्यातून कळतो तो प्रचारकांचा अंदाज, मतदाराच्या मनातलं नाही.

‘फॅक्ट’ नियतकालिकाची गोष्ट त्याहून मजेशीर. त्यांनी १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, हा माणूस या पदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहे का? उत्तरं आली २,४१७. त्यातले १,१८९ ‘नाही’ म्हणाले आणि तोच आकडा मुखपृष्ठावर झळकला. आता भागाकार करा. उत्तर देणाऱ्यांतही हे निम्म्याहून कमी. विचारलेल्यांत तर दहा टक्केसुद्धा नाहीत! ५७१ जणांनी ‘पुरेशी माहिती नाही’ असं कळवलं होतं (मला तेच शहाणे वाटतात). गोल्डवॉटर कोर्टात गेले, जिंकले. १९७३ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला: न तपासलेल्या माणसाबद्दल जाहीर निदान करायचं नाही.

जॉन्सन ४४ राज्यं जिंकले. त्यात भीतीचा वाटा किती? केनेडींच्या हत्येला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, ती सहानुभूती वेगळी कशी काढणार? नुसत्या निकालावरून ते जमत नाही. तेव्हाच्या मतदारांच्या मुलाखती आणि वाचकांची पत्रं उघडावी लागतात.