साडेपाच हजार टन

समुद्रातले तेलाचे सांगाडे म्हातारे झाले की त्यांचं करायचं काय? हा प्रश्न जगापुढे खऱ्या अर्थाने आला तो १९९५ साली, ब्रेंट स्पारमुळे. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

ब्रेंट स्पार म्हणजे उत्तर समुद्रात उभी तरंगणारी तेलाची अजस्र टाकी. उंची १४७ मीटर, बहुतेक भाग पाण्याखाली. शेल कंपनीने ती १९७६ मध्ये तिथे नांगरली. (आपल्या बॉम्बे हायचं तेलही त्याच वर्षी सुरू झालं.) पुढे शेटलंड बेटांपर्यंत पाइपलाइन झाली, टाकीचं काम उरलं नाही आणि १९९१ मध्ये ती निवृत्त झाली, आमच्यासारखीच! शेलने ठरवलं की स्कॉटलंडच्या पश्चिमेला, दोन किलोमीटरहून खोल पाण्यात तिला बुडवून टाकायचं. ब्रिटिश सरकारचीही त्याला संमती होती.

३० एप्रिल १९९५ ला ग्रीनपीसचे कार्यकर्ते तिच्यावर चढून बसले. तीनेक आठवड्यांनी त्यांना उतरवलं. जूनमध्ये टाकी ओढून न्यायला लागले, तर हे हेलिकॉप्टरने पुन्हा वर! जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर पेट्रोल भरणं सोडलं. काही पंपांवर हल्लेही झाले, पण आंदोलनाचं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं. २० जूनला पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत योजनेची बाजू मांडली आणि काही तासांत शेलनेच माघार घेतली. बिचारे मेजर!

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

टाकीत साडेपाच हजार टन तेल उरलंय, असं ग्रीनपीसने जूनच्या मध्यावर जाहीर केलं होतं. शेल म्हणत होती, पन्नासेक टन. झालं असं की नमुना घेणारं उपकरण टाकीत पोचलंच नव्हतं, वरच्या नळीतच राहिलं होतं. सप्टेंबरात ग्रीनपीसच्या पीटर मेलचेट यांनी शेलला पत्र लिहून माफी मागितली. त्यानंतर देट नोर्स्के वेरितास या नॉर्वेच्या संस्थेची मोजणी आली, ७५ ते १०० टन.

मग आंदोलनच पोकळ होतं का? मला तसं वाटत नाही. आकडा आला तेव्हा बहिष्कार सुरूच होता. लोकांचा राग समुद्राला उकिरडा समजण्यावर होता. म्हणूनच तर वाईट वाटतं, त्या आकड्याची गरजच नव्हती! खोल समुद्रात फारशी हानी होणार नाही असं म्हणणारे शास्त्रज्ञही होते, आणि या चुकीमुळे त्यांना आयता मुद्दा मिळाला. तरी लढाई जिंकल्यावर, स्वतंत्र मोजणीचा निकाल यायच्या आत माफी मागणारे किती असतात?

असो. टाकीच्या कापलेल्या कड्या स्टाव्हांगरजवळ मेकयार्विकच्या धक्क्याच्या पायात गेल्या. १९९८ मध्ये सिंत्रा इथे ऑस्पार कराराच्या देशांनी असे सांगाडे समुद्रात टाकायला बंदी केली. मात्र अतिशय अवजड काँक्रीटच्या पायांना सूट मिळू शकते. तीच सूट शेलने ब्रेंटच्या इतर प्लॅटफॉर्मसाठी मागितली आणि २०१९ मध्ये ग्रीनपीसवाले पुन्हा वर चढले. आत ११ हजार टन तेल आहे, असं या वेळी ते सांगत होते. मी तो आकडा वाचला आणि आधी शोधायला लागले, हा मोजला कुणी आणि कसा.