घाटांतील इंजिनाचा कारभारी

माथेरानच्या पठारावर खासगी मोटारीस प्रवेश नाहीं, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. नेरळहून वर येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून पुढें पायीं, घोड्यावर किंवा लहान आगगाडीनें जावयाचें. परंतु त्या नाक्यापर्यंत चढून येणें हेंच यंत्राच्या दृष्टीनें मोठें दिव्य आहे. घाट चढणाऱ्या इंजिनावर हुकमत कोणाची, ती एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी गेली, आणि आज जिच्यांत ती एकवटली आहे ती लहानशी पेटी बिघडली म्हणजे काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हुकमतीची ही कथा बरीच जुनी आहे. इ. स. १७८८ मध्यें जेम्स वॅट यानें आपल्या वाफेच्या इंजिनास दोन फिरते गोळे जोडले. इंजिन वेगानें फिरूं लागलें कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची वाट आवळत. वेग मंदावला कीं ते आंत येत आणि वाट मोकळी होई. यंत्रानें आपल्या चालीची बातमी घ्यावी आणि त्या बातमीवरून आपणांसच आवरावें, ही ती युक्ति. पुढें १८६८ मध्यें क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें अशा नियंत्रकांचें गणित मांडलें. आजच्या मोटारींतील विजेची पेटी ही याच घराण्यांतली आहे.

आपल्या डोंगरावर मात्र आरंभीं सारा कारभार माणसाच्याच हातीं होता. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ मध्यें नेरळ-माथेरान लोहमार्गाचें काम हातीं घेतलें. सुमारें १६ लाख रुपये खर्चून १९०७ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट, चढ कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट, आणि वळणें तर सापासारखीं. त्यांसाठीं ओरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याकडून जीं इंजिनें आलीं, त्यांचे आंस वळणाबरोबर किंचित् सरकतील असे बनविलेले होते. पण वाफ किती सोडावयाची आणि आग केव्हां वाढवावयाची, हें चालक व आगवाला कानानें आणि डोळ्यानें ठरवीत. उतारावर डब्यांचे हातब्रेक आवळण्यास माणसें असत. बिघाड झाला तर तो दिसे, ऐकूं येई, हाताला लागे.

१९५५ च्या सुमारास युंग या जर्मन कारखान्याचीं डीझेल इंजिनें या मार्गासाठीं आलीं, आणि कारभाराचा एक मोठा वांटा माणसाकडून यंत्राकडे गेला. चालकानें वेग सांगावा, आणि तो राखण्यास तेल किती द्यावयाचें हें वॅटच्या गोळ्यांच्या वंशजानें, म्हणजे गव्हर्नरनें, पाहावें, अशी विभागणी झाली.

रस्त्याच्या मोटारींत हेंच स्थित्यंतर निराळ्या कारणानें झालें. नेरळच्या भाड्याच्या गाड्यांत जी वर्षानुवर्षें दिसत आली ती मारुतीची व्हॅन १९८४ मध्यें बाजारांत आली. १९८८ मध्यें तिला ओम्नी हें नांव मिळालें. तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें तें इंजिन कार्ब्युरेटरवर चाले. आतां माथेरानचें पठार सुमारें ८०० मीटर उंच. तेवढ्या चढावर हवा सात-आठ टक्क्यांनीं विरळ होते. पण कार्ब्युरेटरचें छिद्र तेंच राहतें. म्हणून वर येतां येतां पेट्रोल जास्त आणि हवा कमी असें मिश्रण होतें, दम कमी पडतो आणि धूर वाढतो.

त्या धुरानेंच पुढचा इतिहास घडविला. अमेरिकेंतील हवेच्या शुद्धतेच्या नियमांना तोंड देण्यासाठीं १९६७ मध्यें फोक्सवॅगनच्या एका गाडीवर बॉशनें विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची योजना बसविली. पुढें १९७६ मध्यें व्होल्वोच्या गाडींत धुरांतील प्राणवायु मोजणारा सेन्सर आला. आपल्या देशांत २००० सालापासून धुराचे निर्बंध उत्तरोत्तर कडक होत गेले, तसा ओम्नीसारख्या साध्या गाडींतूनही कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागीं इंजेक्टर व त्यांस हुकूम देणारी पेटी आली. हिलाच मेकॅनिक ईसीएम म्हणतात.

या पेटीस कारभारी म्हणावें हें उत्तम. तिला स्वतःला डोळे नाहींत. हवेचा दाब, पाण्याचें उष्णमान, इंजिनाचा वेग, धुरांतील प्राणवायु यांच्या बातम्या सेन्सररूपी हरकारे आणतात. त्यांवरून पेट्रोल किती मिलिसेकंद सोडावें आणि ठिणगी केव्हां पाडावी, याचा ती हुकूम काढते. हरकाऱ्यानें खोटी बातमी आणली, किंवा तो वाटेंतच अडला, तर शहाणा कारभारीही चुकीचा हुकूम काढील. आणि लोक दोष कारभाऱ्यास देतील!

जुन्या व्हॅनच्या दुरुस्तींत नेमकें हेंच घडतें. गाडी घाटांत अडखळते, बंद पडते, इंजिनाचा दिवा लागतो; आणि कोणी म्हणतो, "कॉम्प्युटर गेला." वस्तुतः आधीं पाहावयाच्या गोष्टी साध्या आहेत. बॅटरी स्टार्टर मारतांना किती खालीं येते? इंजिनाची अर्थ वायर घट्ट आणि स्वच्छ आहे काय? पावसाळ्याच्या ओलीनें जोडण्यांच्या पिना हिरव्या पडल्या आहेत काय? पेटीस वीज पोंचविणारा रिले चिकटला आहे काय? पेटीपर्यंत वीज आणि अर्थ नीट पोंचत असून, आणि सेन्सरही खरें बोलत असूनही जर हुकूम निघत नसेल, तरच पेटीवर आरोप ठेवावा.

आरोप सिद्ध झाला तरी काम संपलें नाहीं. कॉइल किंवा इंजेक्टर आंतून शॉर्ट झाला कीं त्यास वीज देणारा पेटींतील भाग जळतो. मूळ कारण न शोधतां नवी पेटी बसविली तर तीही लागलीच जळते आणि गाडीवाल्याचे पैसे दोनदां जातात. म्हणून कॉइल आणि इंजेक्टर मोजून घ्यावे. बॅटरीची ऋण तार काढावी. पेटीवरील क्रमांक जुन्याशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, कारण दिसण्यांत सारख्या पेट्यांचा आंतला हिशेब निराळा असतो. ज्या गाडींत चोरीस आळा घालणारी किल्ली असते, तेथें किल्ली आणि नवी पेटी यांची ओळखही करून द्यावी लागते. नाहीं तर इंजिन सुरूच होत नाहीं.

ओम्नीचें उत्पादन २०१९ मध्यें थांबलें. ज्या गाड्या अद्याप चालतात त्यांवर कित्येक कुटुंबांचें पोट आहे, आणि जुन्या क्रमांकाची पेटी दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. अशा वेळीं खरें भांडवल म्हणजे परीक्षा करण्याची विद्या. या डोंगरानेंच तिचा धडा दिला आहे. मे २०१६ मध्यें माथेरानची आगगाडी थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोनदां रुळावरून घसरली आणि सेवा बंद झाली. तेव्हां गाडी मोडींत काढली नाहीं. मार्गाची डागडुजी झाली, गाडीस हवेच्या दाबाचे ब्रेक बसले, आणि २०१८ च्या आरंभीं ती नेरळहून पुन्हा वर चढूं लागली. तेथें नियंत्रण बदललें, पण त्याबरोबर वाटही पाहिली गेली. मोटारीच्या बाबतींत तारा आणि जोडण्या हीच ती वाट होय. कारभारी बदलण्यापूर्वीं त्याच्या दारीं येणाऱ्या वाटा तपासाव्या, एवढेंच हा घाट सांगतो.